पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं, पण ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं वाटत नव्हतं. गेल्या महिन्यात विचारलं, त्यांनी हो म्हटलं, फक्त नाव नको म्हणाले. म्हणून नाव नाही, आणि ओळख पटेल असे दोनचार तपशील बदललेत, बाकी सगळं घडलं तसंच आहे.

गेली चार वर्षं मी दर शनिवारी सकाळी ह्यूस्टनमध्ये एका संस्थेत रेझ्युमे लिहून द्यायला बसते. इकडे यायच्या आधी मी एचआरमध्ये होते, मग एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, काही वर्षं घरी काढली, त्यामुळे रेझ्युमेमधल्या गॅपकडे समोरचा कसा बघतो हे मला दोन्ही बाजूंनी माहितीये. संस्थेकडे येणारे लोक म्हणजे बेघर असलेले माजी सैनिक, इकडच्या भाषेत होमलेस व्हेटरन्स. एक फोल्डिंग टेबल, एक लॅपटॉप, एक प्रिंटर जो दर वेळी कागद अडकवतो, आणि समोर एक खुर्ची.

आपल्याकडच्या लोकांना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अगं पण आर्मीतून आलेला माणूस रस्त्यावर कसा? पेन्शन नाही का?" मलाही हाच प्रश्न पडला होता. तर इथं साधारणपणे वीस वर्षं सर्व्हिस पूर्ण झाली तरच पेन्शन, आणि बहुतेक जण त्याच्या खूप आधी बाहेर पडतात, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती, चार-सहा वर्षांनी बाहेर, हातात एक कागद आणि थोडेफार फायदे. ज्याला घर आहे, आईवडील आहेत, त्याचं निभावतं. ज्याचं बाहेर आल्यावर लग्न मोडतं, ज्याला झोप लागत नाही, पाठ गेलेली असते, दारूची सवय लागलेली असते, किंवा यातलं काहीच नाही पण भाडं वाढलं आणि नोकरी गेली, तो घसरत जातो. आधी भावाच्या सोफ्यावर, मग गाडीत, मग गाडीही जाते.

आमच्या सार्जंटकाकांचं असंच झालं. मनातल्या मनात मी त्यांना सार्जंटकाका म्हणते, समोर अर्थातच "सर", आणि ते मला "मॅम". साठीच्या जवळ आलेले, उंच, थोडे वाकलेले. पहिल्या दिवशी मी फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, "तुम्ही व्हेटरन आहात का?" तर म्हणाले, "नाही मॅम, तसं काही नाही." मी गोंधळले, कारण शेल्टरवाल्यांनी, म्हणजे बेघरांच्या निवाऱ्यातल्या लोकांनी, त्यांना आमच्याकडेच पाठवलं होतं. माझ्या शेजारी बसणारी सीनियर व्हॉलंटियर, जी स्वतः नेव्हीत होती, ती हळूच पुढं झाली आणि म्हणाली, "तुम्ही कधी मिलिटरीत काम केलंय का?" "हो, सहा वर्षं, आर्मीत. आखातात पण होतो." म्हणजे त्यांच्या डोक्यात व्हेटरन म्हणजे ज्यानं गोळी झाडली, जो जखमी झाला तो, आणि ते होते स्वयंपाकी, म्हणून स्वतःला त्यात मोजतच नव्हते. नंतर कळलं की हे फार जणांचं होतं, बायकांचं तर जास्तच. नुसता प्रश्न चुकीचा विचारला म्हणून किती लोक परत गेले असतील याचा विचार केला की मला अजून वाईट वाटतं.

मग त्यांनी बॅगेतून एक झिपलॉकची पिशवी काढली. त्यात दुसरी झिपलॉक. त्यात चौघडी केलेला एक कागद, घड्यांवर झिजून जवळजवळ फाटलेला, कडेला पाण्याचा पिवळा डाग. हा डीडी-२१४. सैन्यातून बाहेर पडताना मिळणारा डिस्चार्जचा कागद, आणि इथं माजी सैनिकाचं सगळं आयुष्य त्याच्यावर चालतं. अकरा नंबरच्या चौकटीत तुमचं काम काय होतं ते, यांच्या कागदावर ९४बी, म्हणजे फूड सर्व्हिस. चोवीस नंबरच्या चौकटीत डिस्चार्ज कसा झाला ते, यांचा ऑनरेबल, म्हणजे सन्मानानं. त्या चोवीस नंबरच्या चौकटीतल्या एकदोन शब्दांवर कुणाला काय मिळणार ते ठरतं. तिथं "अदर दॅन ऑनरेबल" लिहिलेलं असलं की बरीच दारं बंद होतात, आणि असे शब्द पडलेल्यांमध्ये युद्धावरून आल्यावर डोकं ठिकाणावर नसताना काहीतरी करून बसलेली पोरंसुद्धा असतात. तो शेरा बदलून घेता येतो, डिस्चार्जला पंधरा वर्षं व्हायच्या आत असेल तर डीडी-२९३ नावाचा फॉर्म भरून रिव्ह्यू बोर्डाकडे जाता येतं, पण हे रस्त्यावर झोपणाऱ्याला कोण सांगणार? आणि हो, कागद हरवला असेल तर सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरकडून नवीन कॉपी फुकट मागवता येते. फुकट. ऑनलाइन पैसे घेऊन हे करून देणारे खूप आहेत, त्यांच्या नादी लागू नका, कुणाला लागू देऊ नका.

फॉर्म भरत भरत पत्त्याच्या रकान्याशी आलो आणि त्यांचं पेन थांबलं. मी म्हटलं शेल्टरचा पत्ता लिहा. म्हणाले, तो लिहिला की फोन येत नाही. हे खरंय, मी एचआरमध्ये होते तेव्हा असे पत्ते आम्हाला पाठ झालेले असायचे. त्या दिवशी आम्ही तो रकाना रिकामाच ठेवला.

त्यांची आधीची नोकरी कशी गेली ते त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं, अगदी सहज, तक्रारीचा सूर नाही. एका रेस्टॉरंटमध्ये भांडी धुवायचं काम मिळालं होतं, दुपारी तीन ते रात्री अकरा. आणि ते ज्या शेल्टरमध्ये होते तिथं संध्याकाळी सहाच्या आत बेडसाठी हजर व्हायचं, नाही झालं तर बेड दुसऱ्याला. मग अकराला सुटून ते बस स्टॉपच्या बाकावर झोपायचे. नवव्या दिवशी बुटांसकट बॅग चोरीला गेली, फोनही गेला, दहाव्या दिवशी स्लिपर घालून कामावर गेले तर मॅनेजरनं घरी पाठवलं. घरी! आता मला सांगा, यात या माणसानं वेगळं काय करायला हवं होतं? ज्या शेल्टरनं बेड दिला त्यांचेही नियम काही दुष्टपणानं केलेले नाहीत, शंभर बेड आणि दीडशे माणसं असली की रांग लावावीच लागते. पण नोकरी टिकवायची तर बेड जातो आणि बेड टिकवायचा तर नोकरी जाते, अशा कात्रीत माणूस सापडतो, आणि बाहेरून बघणारे म्हणतात, काम करायला नको यांना.

रेझ्युमेत त्यांनी स्वतः लिहिलेली ओळ होती, "कुक, आर्मी". बास, दोन शब्द. मी विचारत गेले. किती लोकांचं जेवण? अडीचशे-तीनशे. कुठं? वाळवंटात, ट्रेलरवरच्या किचनमध्ये. किती वाजता? पहाटे तीनला बर्नर पेटवायचे म्हणजे साडेपाचला नाश्ता. हाताखाली किती जण? चार, नंतर सहा. पाणी कुठून यायचं, किती अंश तापमानाला अन्न ठेवायचं, उरलेलं किती तासांनी टाकून द्यायचं, हे सगळं त्यांना आजही घडाघडा पाठ होतं, आणि बोलता बोलता ते ताठ बसायला लागले. वाळूचं वादळ आलं तेव्हा ओल्या चादरी धरून अन्न कसं झाकलं ते हातवारे करून दाखवलं. अर्ध्या तासात त्या दोन शब्दांच्या सात ओळी झाल्या आणि त्यातली एकही खोटी नव्हती. हॉस्पिटलच्या किचनला नेमका असाच माणूस लागतो. पण सैन्यातल्या भाषेचं बाहेरच्या भाषेत करून देणारं कुणीतरी लागतं, ९४बी म्हणजे काय हे हॉस्पिटलच्या एचआरला कसं कळणार.

आमच्या संस्थेला या कामासाठी जे पैसे मिळतात ते एचव्हीआरपी नावाच्या योजनेतून, होमलेस व्हेटरन्स रीइंटिग्रेशन प्रोग्रॅम. लेबर डिपार्टमेंटची योजना, बेघरांच्या मदतीसाठी केलेल्या १९८७च्या मॅकिनी कायद्यापासून चालू आहे. यातून संस्थांना ग्रँट मिळते आणि संस्था माणसाला जे लागेल ते करते, ट्रेनिंग, मुलाखतीची तयारी, बसचा पास, कामाचे बूट, न घसरणाऱ्या सोलचे, कारण किचनमध्ये त्याशिवाय उभं करत नाहीत. हे बूट कुणाच्या डोक्यात येत नाहीत पण कित्येक नोकऱ्या पहिल्या पगाराआधीच बुटांपायी जातात. नोकरीच्या सरकारी केंद्रांतही, ज्यांना अमेरिकन जॉब सेंटर म्हणतात, माजी सैनिकांना प्राधान्य असतं आणि त्यांच्यासाठी खास माणूस नेमलेला असतो. हे माहितीच नसलेले माजी सैनिक मी दर महिन्याला बघते.

पण चार वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळलीये. आधी घर. नोकरी त्याच्यानंतर. मी ज्यांना बेघर असताना नोकरी लावून दिली त्यातल्या बहुतेकांची दोन-तीन महिन्यांत गेली, आणि ज्यांना आधी घर मिळालं त्यांच्यातले खूप जण अजून कामावर आहेत. हे माझ्या टेबलापुरतं सांगतेय.

घराची मुख्य योजना म्हणजे हड-व्हॅश. नाव विचित्र आहे, पण कल्पना साधी. घरबांधणी खातं, म्हणजे हड, भाड्याचं व्हाउचर देतं आणि माजी सैनिकांचं खातं, म्हणजे व्हीए, प्रत्येक माणसामागे एक केस मॅनेजर देतं. भाडेकरूनं आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे, वरचे पैसे सरकार थेट घरमालकाला देतं. १९९२ला हे छोट्या प्रमाणावर सुरू झालं आणि २००८पासून दर वर्षी हजारो नवीन व्हाउचर यायला लागले, आत्तापर्यंत लाखाच्या वर गेलेत. यात आधी दारू सोड, आधी कोर्स कर, आधी नोकरी मिळव अशा अटी नाहीत. आधी दार असलेली खोली, मग बाकीचं. ज्यांना व्हाउचरइतक्या लांबच्या मदतीची गरज नाही, नुसतं डिपॉझिट आणि दोन-चार महिन्यांचं भाडं अडलंय, त्यांच्यासाठी एसएसव्हीएफ म्हणून वेगळी योजना आहे. ती घर जायच्या आधीसुद्धा मदत करते, म्हणजे कुणी माजी सैनिक भाडं थकून घराबाहेर पडायच्या बेतात असेल तर त्यानं रस्त्यावर यायची वाट बघायची गरज नाही.

याचा उपयोग होतो का? दर जानेवारीत एका रात्री देशभर बेघर लोकांची मोजणी होते. २०१०च्या मोजणीत बेघर माजी सैनिक ७४ हजारांच्या आसपास होते. २०२४च्या मोजणीत ३२,८८२. आणि हेही बघा, त्याच २०२४ला देशातल्या एकूण बेघर लोकांचा आकडा आधीच्या वर्षापेक्षा १८ टक्क्यांनी वाढून ७,७१,४८० झाला होता. देश तोच, भाडी तीच, महागाई तीच, एका गटाचा आकडा निम्म्याहून खाली आणि बाकीच्यांचा वर. कारण या एका गटासाठी पैसे आणि माणूस दोन्ही एकत्र दिले गेले. आमच्या ह्यूस्टननं तर २०१५च्या जूनमध्ये जाहीर केलं होतं की माजी सैनिकांचं बेघरपण इथं जवळपास संपलं. याचा अर्थ एकही माणूस रस्त्यावर नाही असा नव्हता, नवीन कुणी आला तर त्याला पटकन घरात नेता येईल इतकी घडी बसली असा होता. त्याआधी जानेवारीत न्यू ऑर्लिन्सनं तसं जाहीर केलं होतं. मी या कामात आले तेव्हा मला हे माहितीच नव्हतं, मला वाटायचं हे कधीच न संपणारं आहे.

नेहमी असं नव्हतं. १९३२मध्ये पहिल्या महायुद्धातले हजारो सैनिक कबूल केलेला बोनस मागायला वॉशिंग्टनला आले, बायकापोरांसकट नदीकाठी झोपड्या टाकून राहिले, आणि जुलैच्या अखेरीस त्यांच्याच देशाच्या सैन्यानं त्यांना हुसकलं, झोपड्या पेटल्या. व्हिएतनामहून आलेल्यांसाठी तर बरीच वर्षं कुणीच काही केलं नाही, शेवटी त्यांच्यातल्याच काही जणांनी १९८८मध्ये सॅन डिएगोला तंबू ठोकून पहिला स्टँड डाउन भरवला. हा शब्द युद्धातलाच, दमलेल्या तुकडीला आघाडीवरून मागं सुरक्षित जागी आणून आंघोळ, गरम जेवण, झोप द्यायची त्याला स्टँड डाउन म्हणायचे. आता कितीतरी शहरांत होतात. मी एकात दिवसभर होते, केस कापणारे, दात बघणारे, चष्मे देणारे, आणि एका कोपऱ्यात चक्क न्यायाधीश. ती कल्पनाही सॅन डिएगोचीच, १९८९ची. किरकोळ दंडाची तिकिटं थकून लायसन्स अडकलेलं असतं आणि लायसन्स नाही म्हणून नोकरी नाही, ते तिथल्या तिथं मोकळं करून देतात. केस कापून झाल्यावर एक माणूस आरशात बराच वेळ बघत बसला होता, मागची रांग थांबून राहिली, कुणी त्याला उठ म्हटलं नाही.

तर सार्जंटकाकांना व्हाउचर मिळालं. व्हीएच्या केस मॅनेजरनं सगळं केलं, मी फक्त कागद स्कॅन केले. मला वाटलं झालं आता. पण व्हाउचर म्हणजे नुसता कागद असतो, घर आपलं आपण शोधायचं, सुरुवातीला १२० दिवसांची मुदत. आणि घरमालक नाही म्हणतात. फोनवर सगळं छान, जागा आहे, या बघायला, आणि व्हाउचर शब्द काढला की "अरे, ती आत्ताच गेली". कुणी म्हणतं भाड्याच्या तिप्पट उत्पन्न दाखवा. अहो, भाड्याचा मोठा भाग सरकार देणार आहे ना, मग तिप्पट कशाच्या? कुणाला दहा वर्षांपूर्वीचं इव्हिक्शन, म्हणजे आधीच्या घरमालकानं घराबाहेर काढल्याची नोंद, नको असतं. आणि प्रत्येक अर्जाची फी वेगळी, परत न मिळणारी. अकरा ठिकाणी नकार आले. मी एका वहीत तारखांसकट लिहून ठेवलेत. ७० दिवस गेले तसे ते गप्प होत गेले, एकदा म्हणाले, "मॅम, हा कागद दुसऱ्या कुणाला द्या, त्याला उपयोग होईल."

टेक्सासात हे नाकारणं बेकायदा नाही. उलट २०१५मध्ये राज्यानं असा कायदा केला की घरमालकांनी व्हाउचर नाकारू नये असा नियम शहरांना करताच येणार नाही. फक्त त्याच कायद्यात माजी सैनिकांपुरता अपवाद ठेवलाय, त्यांच्यासाठी शहरं असा नियम करू शकतात. तो अपवाद वापरला जावा असं मला फार वाटतं.

आणि आता जे लिहिणार आहे त्यासाठीच खरं तर ही पोस्ट आहे. घरमालक घरमालक म्हणून मी चिडत होते, आणि एक दिवस स्वयंपाक करताना लक्षात आलं की घरमालक तर आपणच आहोत. आपल्या ओळखीतल्या किती जणांची ह्यूस्टनच्या आसपास केटीला, सायप्रसला, पेअरलँडला एकेक-दोनदोन घरं भाड्यानं दिलेली आहेत. आमचंसुद्धा एक टाउनहाउस आहे. आणि आमच्या जाहिरातीत, माझ्याच नवऱ्यानं टाकलेल्या, शेवटची ओळ होती "व्हाउचर स्वीकारले जात नाहीत". ती ओळ टाकताना आमचं काही बोलणंसुद्धा झालं नव्हतं. सगळे टाकतात म्हणून टाकली होती.

आमच्या दोघांत यावरून दोन आठवडे चाललं. नवऱ्याचे प्रश्न चुकीचे नव्हते, नुकसान केलं तर, पैसे अडकले तर, शेजारी काय म्हणतील. मी केस मॅनेजरांशी त्याचं फोनवर बोलणं करून दिलं. सरकारी हिस्सा दर महिन्याला थेट खात्यात येतो, भाडेकरूबद्दल काही अडचण आली तर फोन करायला एक माणूस असतो, हे ऐकल्यावर तो म्हणाला, असा माणूस तर आपल्या नेहमीच्या भाडेकरूंमागे पण नसतो. काकांसाठी ते घर चाललं नसतं, व्हाउचर माणसांच्या संख्येवर ठरतं, एकट्या माणसाला तीन बेडरूम मिळत नाहीत. ते घर गेलं एका आईला, आठ वर्षं आर्मीत, दोन मुलं, आणि त्याआधी चार महिने ती मुलांसकट गाडीत राहत होती, मुलांच्या शाळेच्या पार्किंगपासून जवळ म्हणजे सकाळी उशीर होणार नाही. अशा बायका शेल्टरला जायला घाबरतात, मुलं काढून घेतील म्हणून, त्यामुळे मोजणीत पण कमी दिसतात.

सगळं सुरळीत झालं असं नाही सांगणार. व्हाउचरवर घर द्यायच्या आधी घराची तपासणी होते, त्या इन्स्पेक्शनला पहिल्या वेळी आम्ही नापास. एका बेडरूममधला स्मोक डिटेक्टर बंद, मागच्या खिडकीची कडी तुटलेली, सिंकजवळचा प्लग धोका असला की आपोआप बंद व्हायला हवा तसा होत नव्हता, तपासणारा माणूस खिशातून एक छोटं टेस्टर काढून प्रत्येक प्लगला लावून बघत होता. म्हणजे आधीचे भाडेकरू तीन वर्षं तसेच राहिले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. दुरुस्ती, परत तारीख, त्यात अठरा दिवस गेले आणि ती आई अठरा दिवस मोटेलमध्ये. मग पहिलं सरकारी पेमेंट दोन महिने आलंच नाही, मी त्या ऑफिसला इतके फोन केले की तिथलं होल्डचं म्युझिक मला झोपेत ऐकू यायचं, मग दोन्ही महिन्यांचं एकदम आलं. त्यानंतर आजतागायत एकदाही चुकलेलं नाही. पण ज्या घरमालकाचा बँकेचा हप्ता त्या भाड्यावर चालतो तो दोन महिने कसा थांबेल? इथं सुधारणा व्हायलाच हवी, नाहीतर एकदा पोळलेला घरमालक परत व्हाउचरचं नाव काढणार नाही.

काकांना शेवटी ९८व्या दिवशी एका जुन्या कॉम्प्लेक्समध्ये एक बेडरूमचं घर मिळालं. तिथल्या मॅनेजर बाईंचे वडील व्हिएतनामला होते, कारण एवढंच. डिपॉझिट एसएसव्हीएफमधून गेलं. किल्ली घ्यायच्या दिवशी मी बरोबर होते. रिकामी खोली, कार्पेटवर व्हॅक्यूमच्या रेघा. त्यांनी आधी दार आतून लावलं, कडी घातली, काढली, परत घातली. आम्ही गादी आणली होती ती दोन आठवडे प्लास्टिकमध्येच राहिली, ते बुटं उशाशी घेऊन दारापाशी जमिनीवर झोपायचे. केस मॅनेजर म्हणाली, घाई करू नका, बरेच जण करतात असं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच प्लास्टिक फाडलं.

नोकरी त्यानंतर दीड महिन्यानं लागली, हॉस्पिटलच्या किचनमध्ये, पहाटे पाचची शिफ्ट. पगार सुरू होणार म्हटल्यावर ते इतके घाबरले, कारण कुणीतरी सांगितलं होतं की कमवायला लागलास की व्हाउचर काढून घेतात. तसं लगेच होत नाही, उत्पन्न वाढलं की तुमचा हिस्सा वाढतो. पण ही भीती खूप जणांना कामापासून लांब ठेवते आणि ती अगदीच निराधार आहे असंही नाही. अगदी परवापरवापर्यंत युद्धात अपंगत्व आलेल्यांचा भत्ता उत्पन्न म्हणून धरायचे, त्यामुळे जास्त जखमी झालेला माणूस "उत्पन्न जास्त" म्हणून काही घरांसाठी अपात्र ठरायचा. २०२४च्या ऑगस्टमध्ये हडनं नियम बदलला, हड-व्हॅशच्या पात्रतेसाठी तो भत्ता धरायचा नाही असं ठरलं. इतकी वर्षं हे चालू कसं दिलं कोण जाणे.

लॉस एंजेलिसचंही माझ्या मनाला असंच लागतं. तिथं पश्चिम भागात व्हीएची ३८८ एकर जमीन आहे, १८८८मध्ये अपंग सैनिकांच्या घरासाठीच दान दिलेली. एकेकाळी हजारो राहायचे तिथं. नंतर त्याच जमिनीवर विद्यापीठाचं बेसबॉलचं मैदान, खाजगी शाळेची क्रीडांगणं झाली, आणि २०२०-२१ला त्याच जमिनीच्या कुंपणाबाहेर फुटपाथवर माजी सैनिकांचे तंबू लागले होते. सैनिक कोर्टात गेले, २०२४च्या सप्टेंबरमध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी ते भाडेपट्टे बेकायदा ठरवले आणि १८०० कायमची घरं आणि ७५० तात्पुरती घरं बांधायचा आदेश दिला, त्यावर सरकार अपिलात गेलं. जमीन आहे, पैसे आहेत, कायदा आहे, आणि माणूस कुंपणाबाहेर.

तुमच्या ओळखीत किंवा रोजच्या रस्त्यावर कुणी माजी सैनिक बेघर असेल तर बेघर माजी सैनिकांसाठी व्हीएचा चोवीस तासांचा नंबर आहे, ८७७-४२४-३८३८. तुम्हीसुद्धा फोन करू शकता, त्यांच्या वतीनं. जिवाचं बरंवाईट करायच्या विचारात कुणी दिसलं तर ९८८ लावून १ दाबायचं. विचारताना "तुम्ही व्हेटरन आहात का" असं नको, "तुम्ही कधी मिलिटरीत होतात का" असं विचारा. आणि तुमचं घर भाड्यानं असेल तर जाहिरातीतली ती शेवटची ओळ एकदा उघडून बघा, मला मेसेज करा, मी केस मॅनेजरशी गाठ घालून देते. आत्तापर्यंत आपल्यातल्या तिघांनी दिलंय. आणखी चार जण विचार करतायत, त्यातल्या दोघांना इन्स्पेक्शनची भीती वाटतेय, त्यांच्यासाठी मी आमची दुरुस्तीची यादी पाठवणार आहे.

काकांना आता दीड वर्ष होईल त्या घरात. गेल्या शनिवारी ते सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आले, हातात किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तोंडाला गाठ मारलेली. आत पत्रं. सगळी न उघडलेली. कितीतरी वर्षं पत्ताच नव्हता तर पत्र कुठून येणार, आणि आता येतात तर प्रत्येक पाकीट म्हणजे काहीतरी वाईट असणार असं वाटून त्यांनी ती कपाटात ठेवून दिली होती. आम्ही टेबलावर पसरली, तारखेप्रमाणे लावली. बरीचशी जाहिरातींची, विजेच्या कंपनीची, एक हॉस्पिटलकडून, एक वर्ष पूर्ण केल्याबद्दल अभिनंदनाचं. आणि खालून चौथं, हाउसिंगवाल्यांचं, व्हाउचरचं वार्षिक नूतनीकरण, कागद न मिळाल्यास मदत थांबेल, मुदत अकरा दिवसांवर. पगाराच्या स्लिपा त्यांच्या पाकिटात होत्या, घडी घालून, झिपलॉकमध्ये. लगेच कॉपी काढायला घेतल्या, प्रिंटरनं कागद अडकवला, काकांनीच उठून मागचं झाकण उघडलं आणि अलगद ओढून काढला. फॉर्म मी त्यांच्यापुढे सरकवला. पहिलं नाव, आडनाव, मग पत्ता. इमारतीचा नंबर, रस्ता, अपार्टमेंट नंबर, पिन कोड, न थांबता लिहिला आणि पुढच्या रकान्याकडे गेले.